एकटीने बॅकपॅक घेऊन आशिया: सुरवातीचे दिवस (सध्या चियांग माई)

मांजराकाठची
एकटं निघायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना आधी एकच सांगते, पहिल्या गावात चार-पाच रात्री एकाच जागी काढा आणि बघायच्या ठिकाणांची यादी बॅगेतच राहू द्या. मी लातूरची. क्लासवर फिजिक्स शिकवायचे, पैसे साठले तशी नोकरी सोडली, येळवस (वेळा अमावस्येची शेतातली पूजा) करूनच घर सोडायचं ही आईची अट होती म्हणून शेतात आंबिल-भज्जी खाल्ली आणि मग निघाले. थायलंड, तिथून नदीनं लाओस, मग व्हिएतनाम, परतीचं तिकीट हनोईहून. आत्ता चियांग माईला आहे, कपडे लाँड्रीत टाकलेत, वेळ आहे म्हणून सविस्तर लिहायलेय.

फिरायला गेलेल्यांचे फोटो सगळे बघतात पण उतरल्यावरचे पहिले दिवस कसे जातात ते कुणी बोलत नाही, मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास, घड्याळ दीड तास पुढं. लातूरहून मुंबईला रेल्वेनं जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढ्या लवकर सगळं बदलतं की डोकं जागेवर यायला वेळ लागतो. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल लिंकनं ४५ बाथमध्ये (बाथ म्हणजे इथलं चलन) फया थाई स्टेशनला आले, होस्टेल जवळच होतं, फक्त बायकांची डॉर्म, म्हणजे एका खोलीत बरेच बेड. बॅग लॉकरमध्ये ठेवली, बेडवर बसले आणि रडूच आलं. बाकीच्या पोरी इअरफोन घालून आपापल्या फोनमध्ये, भाषा येत नाही, खायला काय मिळंल माहीत नाही, घरी फोन करावा तर आई आवाजावरून लगेच ओळखणार. सारखं वाटत होतं की आपण हे कामून करायलोत.

असं वाटलं म्हणजे परत जायचं असं नसतं, एवढं लक्षात ठेवा. झोप झालेली नसते, पोटात काही नसतं, वरून ते दमट ऊन, त्याचंच निम्मं असतं ते. दुसऱ्या दिवशी मी काहीच बघायला गेले नाही. सिमकार्ड घेतलं, साबण घेतला, पोटभर झोपले, आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी फळांची गाडी होती तिथं गेले. काचेच्या पेटीत बर्फावर सोललेली फळं ठेवलेली असतात, आपण बोट दाखवायचं, बाई पेरू काढते, ठोकळ्यावर धरून खाडखाड फोडी करते, पिशवीत भरते, बांबूची काडी खोचते आणि वर एक छोटी पुडी देते, त्यात साखर, मीठ आणि लाल तिखट एकत्र. वीस बाथ. पुढच्या वेळी गेले तर तिनं न विचारता पेरूच काढला आणि पुड्या दोन टाकल्या. त्या अख्ख्या शहरात मला ओळखणारं एक माणूस झालं. त्या रात्री आईला फोन केला आणि नीट बोलले.

मग वाट फोला गेले, वाट म्हणजे इकडं मंदिर. चाओ फ्राया नदीवरची नारंगी झेंड्याची बोट स्वस्त आहे, था तियन धक्क्यावर उतरायचं. आतला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, आत शिरलं की एका नजरेत मावतच नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्यानं बघत पुढं जावं लागतं. तळपायांवर शिंपल्याचं जडवकाम, १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीशी १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलीत, लोक सुट्टी नाणी घेऊन एकेका भांड्यात एकेक टाकत जातात, तो आवाज सतत चालू असतो. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती शाळेच्या सहलीत बघितली होती, ती सातेक मीटरची, खाली शोक करणारे शिष्य कोरलेत. इथं शोक कुठंच नाही, सगळं सोन्यानं झळकतंय, पण तेच कुशीवर पहुडणं, तोच डोक्याखाली घेतलेला हात. बराच वेळ बसून होते तिथं. आपण फार परक्या मुलखात आलोय असं त्यानंतर वाटलं नाही.

(ग्रँड पॅलेस शेजारीच आहे. रस्त्यात कुणी म्हणालं आज बंद आहे, चला दुसरं मंदिर दाखवतो, तर ऐकू नका, ते टुकटुकमध्ये (इथली रिक्षा) बसवून रत्नांच्या दुकानात नेतात. गेटपर्यंत चालत जाऊन स्वतः बघा.)

चियांग माईला रात्रीच्या ९ नंबरच्या गाडीनं आले. जानेवारी २०२३ पासून लांबच्या गाड्या क्रुंग थेप अपिवत या नव्या स्टेशनवरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन थांबू नका. बर्थ डब्याच्या लांबीत असतात, आपल्या साईड बर्थसारखे, पण दोन्ही बाजूंना. अटेंडंट येऊन सीट ओढतो, गादी टाकतो, चादर घालतो आणि पडदा लावून जातो. खालचा बर्थ रुंद म्हणून थोडा महाग. गाडीत दारूला बंदी आहे. एकट्या बाईला मला ही गाडी फार चांगली वाटली, पडदा ओढून सकाळपर्यंत झोपले.

आणि इथं वाट चेदी लुआंग. हा स्तूप पंधराव्या शतकात पूर्ण झाला तेव्हा ८० मीटरच्या आसपास उंच होता म्हणतात, १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळला, आता साधारण ६० मीटर उरलाय. डागडुजी केलीय पण तुटलेला माथा तुटलेलाच ठेवलाय. आमच्याकडं भूकंप म्हणलं की ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, लोक गणपती बुडवून येऊन नुकते झोपले होते. माझा जन्म नंतरचा, तरी आमच्या जुन्या घरात दगडमातीच्या भिंतीला लागून अजून कुणी अंथरूण घालत नाही. मंदिराच्या आवारात भिक्खूंशी बोलायला टेबल मांडलेली असतात, मंक चॅट म्हणतात, तेवढाच त्यांचा इंग्रजीचा सराव होतो. एका तरुण भिक्खूला मी किल्लारीचं सांगितलं. किती माणसं गेली त्यानं विचारलं, मी म्हणलं आठ-दहा हजार. मग गाव परत तिथंच बांधलं का दुसरीकडं, आता घरं कशाची आहेत, लोक आत झोपतात का, असं एकेक विचारत राहिला. खूप वेळ बोललो आम्ही. बँकॉकात पहिल्याच दिवशी पाच ठिकाणं उरकायच्या मागं लागले असते तर इथवर आले असते का नाही मला शंका आहे.

पुढं चियांग राय, चियांग खोंग, मग पूल ओलांडून लाओसातलं हुए साय, तिथून मेकाँगवरची दोन दिवसांची स्लो बोट, मधे पाकबेंगला मुक्काम, आणि लुआंग प्रबांग. विचारायचं ते विचारा, नेट आहे तोवर उत्तर देते.

पैठणची_सून
ताई एका दमात वाचलं. माझी धाकटी बहीण एकटीच जायचं म्हणायलीय, घरात रोज वाद. आईला आत्ताच फोनवर पेरूवालीचा भाग वाचून दाखवला, ती एवढंच म्हणाली की त्या पोरीच्या आईनं कसं सोडलं ते विचार. तेवढं सांग ना. आणि रात्रीबेरात्रीचं काय करतेस?

मांजराकाठची
काकूंना माझा नमस्कार सांगा. आई लवकर तयार झाली, बाबा शेवटपर्यंत हो म्हणाले नाहीत आणि नको पण म्हणाले नाहीत. मी त्यांना कागदावर सगळं लिहून दिलं, कुठल्या तारखेला कुठलं गाव, होस्टेलचा फोन, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन. तो कागद त्यांनी देवघराशेजारी चिकटवलाय. रोज रात्री एक मेसेज टाकते, आज कुठं आहे आणि उद्या कुठं असेन. मेसेज पोचला की बाबांचा फक्त अंगठा येतो, पण लगेच येतो.

रात्रीचं म्हणाल तर नवीन गावात अंधारात पोचायचंच नाही, विमान किंवा बस दिवसा उतरवणारी बघायची, त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या. पहिल्या रात्रींचं बुकिंग घरूनच करून ठेवा. टॅक्सी ॲपवरून, म्हणजे भाव ठरलेला असतो आणि गाडीचा नंबर घरी पाठवता येतो. भारतातलं सिम काढून ठेवू नका, रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येणार. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी कायम पिशवीत ठेवायची. सॅनिटरी पॅड वगैरे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, घरून ओझं नेऊ नका. बँकॉकात रात्री दहाला पण बायका गाड्यांवर एकट्या धंदा करायलेल्या असतात, ते बघून मला धीर आला.

खाम_काठ
छान लिहिलंय, पण एका गोष्टीवर माझा मतभेद आहे. एका जागी चार-पाच रात्री हे ज्याच्याकडं दोन महिने आहेत त्याला ठीक. मी वाळूजला कंपनीत आहे, आम्हाला आठवड्याची रजा मिळते ती पण सुपरवायझरच्या हातापाया पडून. मी बँकॉकात एकच रात्र थांबलो आणि सकाळच्या साध्या गाडीनं अयुत्थयाला गेलो, थर्ड क्लासचं तिकीट वीसेक बाथ, खिडक्या उघड्या, बाहेर भातखाचरं. तिथं सायकल भाड्यानं घेतली. १३५० ला वसलेली राजधानी आणि १७६७ ला ब्रह्मदेशच्या फौजेनं जाळून टाकलेली, बिनमाथ्याच्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. वाट महाथातला झाडाच्या मुळांत बुद्धाचं मस्तक अडकलेलं आहे, त्याच्याशेजारी फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्या मस्तकाच्या वर जाऊ द्यायचं नाही, राखणदार लगेच सांगतो. माझं एकटेपण गेलं ते सायकल हाणून, दिवसभर दमलो की रात्री विचार यायला जागाच राहत नाही. खोलीत बसून राहिलो असतो तर अजून खचलो असतो. ज्याचा त्याचा स्वभाव, एवढंच.

मांजराकाठची
दादा, दमल्यावर झोप लागते हे शंभर टक्के. पण मी बसून राहा म्हणत नाही, गाव बदलू नका म्हणते. आठवड्याचीच रजा असेल तर बँकॉक आणि अयुत्थया एवढंच करा, चियांग माई, फुकेत सगळं त्यात कोंबू नका. रोज नवीन बेड, नवीन रस्ता, नवीन लॉकर म्हणजे रोज पहिलाच दिवस.

मिलिंद_परिसर
जयभीम ताई. वाट फो आणि अजिंठा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना असते, लहानपणापासून त्रिसरण-पंचशील तोंडपाठ. मी चियांग माईला होतो तेव्हा वाट फ्रा सिंगला संध्याकाळी भिक्खूंचा पाठ चालू होता, मागं जाऊन बसलो. चाल वेगळी, उच्चार वेगळे, सुरवातीला काही कळंना, मग एकदम लक्षात आलं की अरे हे तर नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स. मी हळू आवाजात बरोबरीनं म्हणायला लागलो. शेजारी एक म्हातारी बाई होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिची पाठाची वही दोघांच्या मधे सरकवली. थाई अक्षर मला वाचता येत नाही, पण मी शेवटपर्यंत त्या वहीकडं बघूनच म्हणलं.

बाबासाहेब १९५० ला श्रीलंकेला, डिसेंबर १९५४ ला रंगूनला आणि नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदांना गेले होते. आमच्या पोरांनी या बाजूचा आशिया बघायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तिथं आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलत नाही. ते काय असतं हे एकदा अनुभवायलाच पाहिजे.

मांजराकाठची
जयभीम दादा. उद्या संध्याकाळी वाट फ्रा सिंगला नक्की जाते.

गोदातीर_नांदेड
बेटा, छान चाललंय. मी निवृत्त झाल्यावर एकटा गेलो होतो, तेव्हाच्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी. आपल्यासारखं शुद्ध शाकाहारी असणाऱ्याचे सुरवातीचे दिवस जेवणावरून जड जातात. बँकॉकात फाहुरात भागात गुरुद्वारा आहे, साम योत मेट्रो स्टेशनजवळ, सकाळी लंगर असतो. आम्ही नांदेडचे, हुजूर साहिबच्या लंगरात जेवत मोठे झालो, तिथं पंगतीत बसल्यावर डाळीचा पहिला घास घेतला आणि जीव शांत झाला. सेवेला हात लावा, भांडी घासा, चार माणसं लगेच बोलायला लागतात. बाकी गावात पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं असतं, त्या अक्षराचा फोटो फोनमध्ये ठेवा, तिथं मांस-मासे-अंडी काही नसतं, कांदा-लसूण पण नसतो. नुसतं व्हेज म्हणून मागितलं तर भाजीत माशाचा सॉस पडलेला असतो, त्यांच्या लेखी ते मीठच आहे, त्यांचा दोष नाही. व्हिएतनामात ‘चाय’ लिहिलेली हॉटेलं शोधा.

पैशाचं. थायलंडमधलं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथच्या आसपास कापतं, म्हणून थोडे-थोडे काढू नका, एकदाच काढा. मशीन विचारतं की रुपयात हिशोब करू का, तिथं नाही म्हणायचं. एक कार्ड पाकिटात, दुसरं बॅगेत, कारण माझं एक कार्ड परदेशातला व्यवहार दिसल्याबरोबर बँकेनं बंद केलं होतं. लाओसचा व्हिसा सीमेवर मिळतो, साधारण ४० डॉलर, नोटा कोऱ्या लागतात, घडी पडलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट परत करतात. पासपोर्ट साईज फोटो बरोबर ठेव.

बालाघाट_वारा
ताई लई भारी लिव्हलंय. मी बीड जिल्ह्यातला, बारावी झालीय, घरचे ऊसतोडीला जातेत, मी बी दोन पट्टे (तोडीचे हंगाम) केलेत. मपल्याला बी बाहेरचं जग बघायचंय. एक एजंट म्हणायलाय बँकॉकला डेटा एंट्रीचं काम हाय, तिकीट तेच काढणार, टुरिस्ट म्हणूनच जायचं, महिन्याला लाखभर, राहणं खाणं फुकट. म्हणलं काम बी व्हईल अन् फिरणं बी व्हईल. जावं का?

मांजराकाठची
भाऊ, जाऊ नको. फिरायला ये, दहा दिवस ये, स्वतःच्या तिकिटावर ये, पण या माणसाच्या तिकिटावर पाऊल टाकू नको.

गोदातीर_नांदेड
बाळा, नीट वाच. बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीत घालून मे सोतला नेतात, नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. तिथं पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाईन लोकांना फसवायच्या कामाला बसवतात, नाही म्हणलं तर मारहाण. हे ऐकीव नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून पाचशेच्या वर भारतीय परत आणलेत, त्यात तुझ्याच वयाची पोरं होती. टुरिस्ट म्हणून जाऊन काम करणं तिथं बेकायदाच आहे, त्यामुळं तो एजंट पहिल्या वाक्यातच खोटा ठरतो. परदेशात नोकरी लावणारा खरा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर नोंदलेला असतो, त्याचा नोंदणी नंबर माग. ज्यांनी तुझ्यासाठी कोयता हातात धरलाय त्या आई-बापाला अंधारात ठेवून असं काही करू नको.

खाम_काठ
याच कारणामुळं मुंबईला इमिग्रेशनवर एकट्या पोरांना जास्त विचारतात. मला पण विचारलं, काम काय करता, परत कधी, कुठं राहणार. परतीचं तिकीट, होस्टेलचं बुकिंग, कंपनीचं ओळखपत्र, रजेचा मेल दाखवला, सोडलं. राग मानू नका, ते विचारतात ते बरंच आहे.

बालाघाट_वारा
काका, आत्ता त्याला फोन करून कंपनीचं नाव अन् नोंदणी नंबर मागितला, म्हणला तुला जायचं नसंल तर दुसरे दहा जण हायेत, अन् फोन ठिवला. परत लावला तर उचलंना. गावातले अजून दोघं जायलेत त्याच्यासंगं, त्यान्ला हे समदं दाखवतो आज रातच्याला.

बरं ताई आता खरंखुरं फिरायचं सांगा. पासपोर्ट नाही अजून. खर्च किती येतोय? इंग्रजी लई येत नाही.

मांजराकाठची
त्या दोघांना आजच भेट, उद्यावर टाकू नको.

पासपोर्टची फी १५०० रुपये, आता बऱ्याच जिल्ह्यांच्या मोठ्या पोस्टात केंद्र आहे, बीडचं बघ. दहावी पासचं सर्टिफिकेट अर्जासोबत जोड, नाहीतर ईसीआर शिक्का पडतो, म्हणजे काही ठरावीक देशांत कामाला जायच्या आधी सरकारी परवानगी लागते, आणि त्या देशांच्या यादीत थायलंड, मलेशिया दोन्ही आहेत, मग विमानतळावर प्रश्न वाढतात. थायलंडनं भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केला, पण नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साईटवर बघायचं. १ मे २०२५ पासून एक डिजिटल अरायव्हल कार्ड पण भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी साईटवर फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की बंद कर. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, तिथं पण तेच, सरकारी साईट सोडून कुठंच कार्ड नंबर टाकायचा नाही.

खर्च माझा डॉर्म, जेवण, बस-बोट, तिकिटं मिळून दिवसाला हजार-बाराशे बाथ होतो. एक बाथ अडीच ते तीन रुपयांच्या मधे धर. विमानाचं वेगळं, ते किती आधी काढतोस त्यावर. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको, फळवाल्या बाईला माझ्याइतकंही येत नव्हतं. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा आणि बोट करायचं, भाषांतराचं ॲप आधीच डाऊनलोड करून ठेवायचं म्हणजे नेट नसलं तरी चालतं.

आणि स्कूटर चालवायची असंल तर आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढूनच ये, फी हजार रुपये, वर्षभर चालतं, त्यावर टू-व्हीलरचा शिक्का आहे का बघून घे. ते नसताना पडलास तर इन्शुरन्सवाले एक रुपया देत नाहीत, आणि इथल्या होस्टेलात गुडघ्याला पट्ट्या बांधलेली पोरं रोज दिसायलीत.

परवा सकाळी चियांग रायची बस आहे, त्यानंतर बोटीवर दोन दिवस रेंज असंल-नसंल. गावातल्या त्या दोघांचं काय झालं ते इथं नक्की लिही, लुआंग प्रबांगला पोचले की आधी तेच बघेन.